जंगल एक, जागा किती?

अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत, म्हणजे ओरेगन, आयडाहो, मोंटाना, वायोमिंग, कोलोराडो या भागात, शरद ऋतू आला की शिकारीचा हंगाम सुरू होतो. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. तिकडे मात्र परवाना घेऊन हरणांची शिकार करता येते. कोणत्या भागात, कोणत्या तारखांना, किती नर आणि किती माद्या मारता येतील हे त्या त्या राज्याचे वन्यजीव खाते ठरवते. अनेक शिकाऱ्यांच्या खिशात दोन परवाने असतात, एक हरणाचा आणि दुसरा एल्कचा. त्यामुळे दरवर्षी एक साधा प्रश्न विचारला जातो : जिथे हरीण आहे तिथे एल्कही सापडेल का?

प्राण्यांची माहिती देणारे एखादे पुस्तक उघडले तर या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेच मिळेल. दोन्ही प्राण्यांच्या वसतिस्थानांचे नकाशे एकावर एक ठेवले तर त्यांचा फार मोठा भाग जुळतो. उलट, जुनेजाणते शिकारी सांगतात की ज्या उतारावर एल्कचा कळप चरत असतो तिथे हरीण क्वचितच दिसते. पुस्तक चूक नाही आणि शिकारीही चूक नाहीत. मग ही तफावत कुठून येते? ते समजून घ्यायचे तर 'अधिवास' हा आपण वर्गात सहज वापरतो तो शब्द जरा उलटसुलट करून पाहावा लागतो. या लेखात तेच करू या.

आधी दोघांची ओळख

येथे हरीण म्हणजे मुख्यतः 'म्यूल डिअर'. याचे कान खेचरासारखे मोठे असतात म्हणून हे नाव पडले. आपण त्याला म्यूल हरीण म्हणू. पूर्ण वाढलेली मादी साधारण ६० किलोची असते. एल्क बराच थोराड असतो. त्याची मादी सव्वादोनशे किलोच्या आसपास भरते, नर तीनशे किलोंच्याही पुढे जातो. एल्कला 'वापिती' असेही म्हणतात. हा तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला शब्द असून त्याचा अर्थ आहे 'पांढऱ्या पुठ्ठ्याचा'. इंग्लंडमध्ये छापलेल्या पुस्तकांत 'एल्क' हा शब्द मूस या अगदी वेगळ्या प्राण्यासाठी वापरलेला आढळतो, तेव्हा मुलांबरोबर चित्रे पाहताना गल्लत होऊ शकते.

दोघेही मृगकुळातले. दोघांच्याही नरांना दरवर्षी गळून नव्याने उगवणारी भरीव, फाटे फुटलेली शिंगे येतात. पण हे नाते वाटते तितके जवळचे नाही. म्यूल हरणाचे पूर्वज लाखो वर्षांपासून अमेरिकेत आहेत. एल्क मात्र आशियातून आला. शेवटच्या हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली होती, सायबेरिया आणि अलास्का यांच्यामध्ये जमिनीचा पट्टा उघडा पडला होता. त्या वाटेने एल्कचे पूर्वज पलीकडे गेले. काश्मीरमधल्या दाचिगामचा हंगूल हा एल्कचा जवळचा भाऊबंद आहे. गंमत अशी की आपले सांबरसुद्धा नात्याने एल्कला म्यूल हरणापेक्षा जवळचे आहे. म्हणजे ओरेगनच्या डोंगरात शेजारी शेजारी राहणारे हे दोघे तसे एकमेकांना परकेच.

ताट एक, जेवण वेगळे

दोन प्राणी एकाच जंगलात राहतात हे कळल्यावर पहिला प्रश्न मनात येतो तो खाण्याचा. दोघेही रवंथ करणारे. मग एकाच चाऱ्यावर दोघांचे भांडण होत नाही का?

येथे थोडे गणित उपयोगी पडते. स्विस वंशाचे शास्त्रज्ञ मॅक्स क्लायबर यांनी १९३२ मध्ये दाखवले की प्राण्याचे वजन वाढते त्या प्रमाणात त्याची ऊर्जेची गरज वाढत नाही. ती वजनाच्या पाऊण घाताच्या प्रमाणात वाढते. समजा, हरीण ६० किलोचे आणि एल्क २४० किलोचा. वजनाचे गुणोत्तर ४. आता ४ चा पाऊण घात काढायचा म्हणजे ४ चा घन करायचा, तो ६४. त्याचे वर्गमूळ ८. आणि ८ चे पुन्हा वर्गमूळ, सुमारे २.८३. म्हणजे एल्क हरणाच्या चौपट जड असला तरी त्याला ऊर्जा लागते ती पावणेतीन पटीपेक्षा थोडी जास्त. दर किलो वजनामागे पाहिले तर एल्कची गरज हरणाच्या गरजेपेक्षा जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी भरते.

दुसरीकडे, जठराचा आकार मात्र वजनाच्या प्रमाणातच वाढतो. म्हणून एल्कच्या पोटात चारा जास्त वेळ राहू शकतो आणि तिथल्या सूक्ष्मजीवांना चिवट तंतू कुजवायला सवड मिळते. परिणामी वाळके, चरबरीत गवतही एल्कला चालते. लहान चणीच्या हरणाला हे परवडत नाही. त्याला थोडे पण कसदार खाणे हवे. ते कोवळे कोंब, कळ्या, झुडपांचा पाला, रुंद पानांच्या रानटी वनस्पती निवडून निवडून खाते. आपल्या गावच्या गायरानावर गाय आणि शेळी चरताना पाहिली असेल तर हा फरक लगेच लक्षात येईल. गाय मान खाली घालून गवत ओढत राहते. शेळी बोरीच्या काट्यांतून नेमके पान टिपते.

मात्र शेळीला गवताचा उपयोग मर्यादित असला तरी गाईला पाला वर्ज्य नसतो. एल्कचेही तसेच आहे. उन्हाळा सरत येतो, गवत वाळते, तेव्हा एल्कदेखील झुडपांकडे आणि रुंद पानांकडे वळतो. म्हणजे एल्क हरणाच्या ताटातले खाऊ शकतो, पण हरीण एल्कच्या ताटातल्या वाळक्या गवतावर जगू शकत नाही. शेजार असा एकतर्फी आहे हे ध्यानात ठेवू या. पुढे ते कामाला येणार आहे.

कुंपण घातलेले जंगल

रानातले प्राणी एकमेकांना टाळतात की नाही हे नुसते पाहून ठरवणे अवघड असते. माणूस जवळ गेला की प्राणी हलतात आणि जे पाहायचे तेच बिघडते. यावर उपाय म्हणून ओरेगन राज्याच्या ईशान्य भागात, ला ग्रँड या गावाजवळच्या ब्लू माउंटन्स डोंगरांत एक आगळा प्रयोग उभारला गेला. तिथे स्टार्की नावाचे वनखात्याचे प्रायोगिक जंगल १९४० पासून आहे. या जंगलातल्या सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्राभोवती १९८७ पर्यंत २.४ मीटर उंचीचे तारेचे कुंपण पूर्ण करण्यात आले आणि १९८९ मध्ये अमेरिकेची वनसेवा आणि ओरेगनचे मत्स्य व वन्यजीव खाते यांनी मिळून संशोधन सुरू केले.

कुंपण म्हटल्यावर प्राणिसंग्रहालय डोळ्यांपुढे आणू नये. आत पॉन्डेरोसा पाइन आणि डग्लस फर यांचे जंगल आहे, गवताळ माळ आहेत, घळी आहेत. बाहेरच्या जंगलात चालते ते सगळे आतही चालते. उन्हाळ्यात पशुपालकांच्या गाई चरायला येतात, झाडांची तोड होते, रस्त्यांवरून वाहने जातात आणि ठरलेल्या तारखांना परवानाधारक शिकारीसुद्धा येतात. फरक एवढाच की प्राणी हद्दीबाहेर जात नाहीत आणि कोण केव्हा आले याची नोंद राहते.

एल्क, हरणे आणि गाई यांच्या गळ्यात रेडिओ पट्टे बांधले गेले. तेव्हा उपग्रहावरून जागा सांगणारी यंत्रणा आजच्याइतकी सुटसुटीत नव्हती. म्हणून जहाजांना आणि विमानांना दिशा कळावी यासाठी उभारलेल्या लोरान-सी या यंत्रणेच्या लहरी वापरल्या गेल्या. पट्टा ठरावीक वेळाने आपली जागा केंद्राला कळवत असे, रात्रंदिवस, पावसात आणि धुक्यातही. पुढे उपग्रहाधारित पट्टे आले. शिवाय रस्त्यांवर वाहने मोजणारी यंत्रे बसवली होती. प्राणी कुठे आहे, शेजारी कोण आहे आणि जवळच्या रस्त्यावर किती गाड्या गेल्या हे तिन्ही एकाच वेळी माहीत असणे ही फार मोठी सोय होती.

रस्ता आवडतो की एल्क नावडतो?

नोंदी जमू लागल्या तशी एक गोष्ट ठळक दिसली. एल्क वाहतुकीच्या रस्त्यांपासून दूर राहतात. रस्त्यावर फार गर्दी असावी लागते असेही नाही. दिवसभरात मोजक्या गाड्या गेल्या तरी एल्कचा कळप रस्त्याकडेचा पट्टा सोडतो. यात आश्चर्य नाही. गाडीतून बंदूक घेतलेला माणूस उतरतो हे एल्कच्या अनेक पिढ्यांनी पाहिले आहे.

हरणांच्या नोंदी मात्र कोड्यात टाकणाऱ्या होत्या. म्यूल हरणे रस्त्यांच्या जवळ जास्त सापडत होती. बंदुकीची भीती तर त्यांनाही आहे. मग हरणांना रस्ता आवडतो की काय? कडेला उगवणारा कोवळा पाला त्यांना ओढत असेल का?

अशा वेळी आम्हा संशोधकांना घाई करण्याचा मोह होतो. दोन गोष्टी बरोबर आढळल्या की एक दुसरीचे कारण असणार, असे वाटू लागते. त्या मोहातून सुटण्याची एक सोपी रीत आहे आणि ती आठवी-नववीच्या वर्गातही दाखवता येते. केवळ समजण्यासाठी काही कल्पित आकडे घेऊ.

समजा, जंगलाचे सारख्या आकाराचे २०० चौकोन पाडले. १०० रस्त्याजवळचे, १०० रस्त्यापासून लांबचे. रस्त्याजवळच्या ३७ चौकोनांत हरीण आढळले, लांबच्या फक्त १९ चौकोनांत. वरवर पाहता हरणाला रस्ता आवडतो हे सिद्ध झाले. आता प्रत्येक गटाचे आणखी दोन भाग करू, एल्क असलेले चौकोन आणि एल्क नसलेले चौकोन. रस्त्याजवळ एल्क नसलेले ९० चौकोन आहेत आणि त्यांतल्या ३६ मध्ये हरीण आहे. एल्क असलेले १० आहेत आणि त्यांतल्या एकात हरीण आहे. लांब एल्क नसलेले ३० चौकोन आहेत, त्यांतल्या १२ मध्ये हरीण. एल्क असलेले ७० आहेत, त्यांतल्या ७ मध्ये हरीण. टक्केवारी काढून पाहा. एल्क नसेल तिथे हरीण ४० टक्के चौकोनांत आहे, मग रस्ता जवळ असो वा लांब. एल्क असेल तिथे १० टक्के चौकोनांत, पुन्हा रस्ता कुठेही असो. म्हणजे हरणाला रस्त्याशी काही देणेघेणेच नव्हते. ते एल्कला टाळत होते. एल्क रस्त्याला टाळत होता आणि म्हणून रिकामी जागा रस्त्याजवळ उरत होती.

खऱ्या नोंदी इतक्या नीटस नसतात. त्यांत उतार, झाडी, पाणी, चारा असे कितीतरी घटक असतात आणि त्यांसाठी संख्याशास्त्राची अवजड साधने लागतात. पण स्टार्कीच्या वसंत ऋतूतल्या नोंदींचे जे विश्लेषण २००० साली प्रसिद्ध झाले त्याचा रोख हाच होता. एल्कचा वावर हिशेबात धरल्यावर हरणांची जागा कोठे असेल हे जास्त चांगले सांगता आले. हरणे एल्कला टाळत होती. एल्क मात्र हरणांची पर्वा करत नव्हते. पोटाच्या गणितात जो एकतर्फीपणा दिसला होता तोच येथे जमिनीवर उतरलेला दिसतो. या साखळीला आणखी एक कडी आहे. उन्हाळ्यात गाई चरायला सोडल्या की सौम्य उताराच्या, सखल जागा गाई घेतात आणि एल्क वरच्या बाजूला सरकतात. एल्क सरकले की हरणांनाही आपली जागा पुन्हा शोधावी लागते.

एकत्र, पण किती वेळात?

याच जंगलातल्या आणखी एका अभ्यासात, जो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, वेळेचा विचार केला गेला. एखाद्या जागी गेल्या ६ तासांत एका जातीचे जनावर येऊन गेले असेल तर दुसऱ्या जातीचे तिथे येते का? उत्तर आले, सहसा नाही. एल्क, हरीण आणि गाय ही तिन्ही एकमेकांपासून स्पष्टपणे अंतर राखून होती. तोच प्रश्न गेल्या ७ दिवसांसाठी विचारला तर हे अंतर राखणे बरेच फिके पडले.

आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते. वर्षभराच्या नोंदींचा नकाशा काढला तर हरीण आणि एल्क एकाच जागेत राहतात. एका आठवड्याचा काढला तरी बऱ्याच अंशी राहतात. पण एका सकाळचा नकाशा काढला तर दोघांच्या जागा वेगळ्या दिसतात. पुस्तकातला नकाशा अनेक वर्षांचा असतो. शिकारी एका सकाळी जंगलात जातो. दोघेही आपापल्या मोजपट्टीने खरे तेच सांगत होते.

बंदुकीचा आवाज झाल्यावर

आता शिकारीच्या हंगामाकडे वळू. या काळात दोघांचे कालपत्रकही जुळत नाही. एल्कचा माजाचा काळ सप्टेंबरमध्ये येतो. तेव्हा नर शिट्टीसारखा, चढत जाणारा लांबलचक आवाज काढून माद्यांभोवती फिरत असतात. धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यांचे दिवस बहुतेक ठिकाणी याच महिन्यात असतात. बंदुकीचे दिवस मुख्यतः ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये येतात. म्यूल हरणांचा माज नोव्हेंबरच्या मध्याला जोरात असतो. तोवर वरच्या डोंगरांत बर्फ पडू लागलेले असते. हरणाचे पाय आखूड, त्यामुळे सुमारे अर्धा मीटर बर्फ साचले की त्याला चालणे जड जाते आणि ते लवकर खाली उतरते. उंच पायांचा एल्क आणखी काही काळ वर तग धरतो.

संकट आले की दोघांची वागण्याची रीतही निराळी आहे. एल्क कळपाने राहतो आणि धोका जाणवला की कळपासकट लांब निघून जातो. म्यूल हरीण बहुधा जवळच्या दाट झाडीत शिरून निपचित उभे राहते किंवा चारही पाय एकदम उचलून टणाटण उड्या मारत खडबडीत चढावर जाते. स्टार्कीत शिकारीच्या दिवसांत एल्कची दिवसाची हालचाल बरीच वाढलेली आढळली. हरणांच्या हालचालीत त्या मानाने थोडाच फरक पडला. २००२ पासून तिथे शिकारीविना नुसती माणसे सोडूनही प्रयोग केले गेले. काही दिवस सर्व प्रकारच्या वाटांवर चालणारी छोटी मोटारवाहने, काही दिवस सायकली, काही दिवस पायी चालणारे, काही दिवस घोडेस्वार. एल्क सर्वांत जास्त हलले ते मोटारवाहनांमुळे. हरणांच्या चालण्याच्या वेगात फारसा बदल दिसला नाही. ती झाडीत दडून राहत असावीत असा संशोधकांचा कयास होता.

एल्क नुसते पळत नाहीत, शिकतातही. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात पट्टे बांधलेल्या एल्कवर झालेल्या अभ्यासात दिसले की जास्त भटकणारे आणि उघड्यावर येणारे एल्क शिकारीत जास्त मारले गेले, तर कमी हलणारे आणि रस्त्याजवळची उघडी जागा टाळणारे वाचले. त्याच भागातला २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की माद्या वयाबरोबर सावध होत जातात. साधारण नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मादीला गाठणे शिकाऱ्यांना जवळजवळ अशक्यच होते. आणखी नवल म्हणजे धनुष्यबाणाच्या दिवसांत आणि बंदुकीच्या दिवसांत त्या आपली जागाही वेगवेगळी निवडतात.

म्हणून शिकारीच्या हंगामात एल्क कुठे असतात हे केवळ गवत आणि पाणी पाहून सांगता येत नाही. मोंटानातल्या वनाधिकाऱ्यांनी १९९१ मध्ये एल्कच्या आसऱ्यासाठी एक ठोकताळा मांडला. किमान २५० एकरांची सलग झाडी, खुल्या रस्त्यापासून किमान अर्धा मैल अंतर आणि अशा जागा मिळून त्या भागाचा किमान ३० टक्के हिस्सा. हा आसरा सरकारी जंगलात मिळाला नाही तर एल्क तो दुसरीकडे शोधतात. अनेकदा ते शिकारीला मज्जाव असलेल्या खाजगी जमिनीवर जाऊन राहतात. मग सरकारी जंगलात शिकारी रिकाम्या हातांनी फिरतात, संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी ठरवलेला आकडा गाठला जात नाही आणि एल्क शेतकऱ्याच्या गवताच्या गंजी फस्त करतात, कुंपणे मोडतात.

यावर रस्ते बंद करणे हा एक उपाय आहे आणि बऱ्याच जंगलांत हंगामापुरते रस्ते बंद ठेवले जातात. एल्कच्या दृष्टीने ते योग्यच. पण स्टार्कीतली साखळी आठवा. रस्त्याकडेची जी पट्टी एल्कने सोडली होती तीच हरणाला मोकळी मिळत होती. रस्ता बंद झाला आणि एल्क परतला तर हरणाने कुठे जायचे? हा प्रश्न नुसता कागदावरचा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एल्क एक लाखाहून कमी उरले होते. संरक्षणामुळे आज त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे. याउलट पश्चिमेच्या अनेक भागांत म्यूल हरणांची संख्या गेल्या काही दशकांत घटली आहे. दुष्काळ, कडक हिवाळे, वाढती वस्ती अशी कारणे त्यामागे सांगितली जातात आणि एल्कची गर्दीही त्यांत मोजली जाते. जागा सोडावी लागणे आणि संख्या घटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र विसरू नये. पहिली झाली म्हणजे दुसरी झालीच असे नाही. पण एका प्राण्यासाठी केलेली व्यवस्था दुसऱ्याच्या जागेला हात घालते, एवढे स्टार्कीने नक्की दाखवले आहे.

वेळ चुकवता येते, माती नाही

मग दोघांचा अधिवास एकच म्हणायचा की वेगळा? आम्हाला वाटते, या प्रश्नाला 'कशासाठी?' असा उलट प्रश्न करायला हवा. एका सकाळी दोन्ही परवाने वापरू पाहणाऱ्या शिकाऱ्यासाठी तो वेगळा आहे. चाऱ्यासाठी तो काही महिने वेगळा, काही महिने एक आहे. आणि एका बाबतीत तो पूर्णपणे एकच आहे.

१९६७ मध्ये कोलोराडोतील एका संशोधन केंद्रात पाळलेली म्यूल हरणे विचित्र आजाराने खंगू लागली. १९७८ मध्ये हा मेंदूची चाळण करणारा आजार असल्याचे ओळखले गेले. १९८१ मध्ये तो कोलोराडोतल्याच एका रानातल्या एल्कमध्ये सापडला. हा आजार जिवाणूमुळे किंवा विषाणूमुळे होत नाही. प्रिऑन नावाची, चुकीच्या घडीची प्रथिने त्याला कारणीभूत असतात. ती लाळेतून, मलमूत्रातून बाहेर पडतात, मातीच्या कणांना चिकटतात आणि वर्षानुवर्षे तशीच राहतात. या आजारावर लस नाही आणि उपचारही नाही. माणसाला तो झाल्याचे एकही उदाहरण सिद्ध झालेले नाही. तरी बाधित जनावराचे मांस खाऊ नये असा आरोग्ययंत्रणांचा सल्ला आहे आणि अनेक भागांत शिकारी मारलेल्या जनावराची तपासणी करून घेतात.

आता सहा तासांचे ते अंतर पुन्हा डोळ्यांपुढे आणा. सकाळी एल्क चरून गेला, संध्याकाळी हरीण आले. दोघांनी एकमेकांना पाहिलेही नाही. पण माती तीच होती. भेट टाळली म्हणून प्रिऑन टळत नाही. येथे वर्षभराचा, किंबहुना अनेक वर्षांचा नकाशाच खरा ठरतो. एका सकाळचा नकाशा हाती घेऊन रोगाचा अंदाज बांधायला बसलो तर आपण फसू.

वर्गात करून पाहण्यासारखे

यासाठी एल्क लागत नाही. गावाजवळ गायरान असेल तर गाई आणि शेळ्या घ्या. शहरातल्या शाळेत मैदानावरच्या साळुंक्या आणि कावळे चालतील. मैदानाचा आराखडा काढून त्याचे २० चौकोन करा. मुलांचे गट पाडून सकाळी सात ते अकरा या वेळेत दर अर्ध्या तासाने कोणत्या चौकोनात कोण आहे याची नोंद करायला सांगा. चार-पाच दिवसांत पुरेशा नोंदी जमतील.

मग त्याच नोंदींवर दोन वेगवेगळे प्रश्न विचारा. पहिला : संपूर्ण दिवसात किती चौकोनांत दोन्ही प्राणी येऊन गेले? दुसरा : एकाच अर्ध्या तासात किती चौकोनांत दोन्ही होते? दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. फरक आढळला तर तो का असावा यावर मुलांना बोलू द्या. खाणे निराळे म्हणून, एक दुसऱ्याला हुसकावतो म्हणून की दोघेही तिसऱ्याच कशाला टाळतात म्हणून? माणसे जातात-येतात त्या फाटकाजवळचे चौकोन वेगळे काढून पुन्हा मोजायला सांगा. रस्ता आणि एल्क यांचे कोडे मुले आपल्याच आकड्यांतून सोडवतील.

'हरीण कुठे राहते?' या प्रश्नाला 'जंगलात' हे उत्तर आपण बरोबर धरतो आणि एक गुण देतो. ते बरोबर आहेच. पण एखाद्या विद्यार्थ्याने 'केव्हा?' किंवा 'तिथे आणखी कोण आहे?' असे विचारले तर त्याला गप्प करू नये. ओरेगनच्या डोंगरात शंभर चौरस किलोमीटर जंगलाला कुंपण घालून शास्त्रज्ञांनी नेमके हेच दोन प्रश्न विचारले होते.